जुन्या नोकरीतलं काम पोर्टफोलिओत लावण्याआधी

२०१४ च्या ऑगस्टमध्ये मी मुंबईतली जाहिरात एजन्सी सोडून पुण्याला परत आले. सहा वर्षं आर्ट डिपार्टमेंटला काढली होती, हातात दुसरं काम नव्हतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात पोर्टफोलिओ, म्हणजे लोकांना दाखवायच्या आपल्या कामाचा संग्रह, करायला बसले. त्यात एका मसाल्याच्या ब्रँडचे चार पाउच होते: लाल तिखट, हळद, धणेपूड आणि गोडा मसाला. गोड्या मसाल्याच्या पाउचवरचं दगडफूल मी शाईने काढलं होतं. तीन रात्री गेल्या होत्या त्यात, कारण दगडफुलाच्या कडा वाळक्या पानासारख्या दिसल्या की ते तमालपत्र वाटायला लागतं. सगळ्या पोर्टफोलिओत मला सर्वांत जास्त अभिमान त्या चित्राचा होता, म्हणून तेच पहिलं लावलं. शुक्रवारी रात्री बिहान्सवर, म्हणजे डिझायनर आपलं काम मांडतात त्या वेबसाइटवर, टाकलं आणि निवांत झोपले.

सोमवारी सकाळी साडेनऊला जुन्या आर्ट डायरेक्टर सरांचा फोन आला. "अगं, ते पाउच आधी काढ. गोडा मसाला अजून बाजारात आलेला नाही."

लाँच दिवाळीच्या तोंडावर होता. मी दहा मिनिटांत पान काढलं, पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला होता आणि तो क्लायंटपर्यंत पोचला होता. क्लायंटने एजन्सीकडे लेखी खुलासा मागितला. माझा फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब, दीड महिना अडकला. पैशांपेक्षा जास्त लागलं ते सरांना माझ्यामुळे मान खाली घालावी लागली याचं.

मी काढलं म्हणजे माझं, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. आता मी स्वतंत्र काम करते आणि दर उन्हाळ्यात अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे पोर्टफोलिओ बघून देते. दर वर्षी त्यात तीच चूक दिसते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी मालक कोण ते बघा

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याचं कलम १७ प्रत्येक डिझायनरने, फोटोग्राफरने आणि कॉपीरायटरने एकदा तरी नीट वाचावं. सुरुवात सरळ आहे: ज्याने निर्माण केलं तो पहिला मालक. पण त्याच्या खाली अपवाद आहेत आणि आपलं बहुतेक काम त्या अपवादांतच मोडतं.

पगारावर असाल आणि काम नोकरीचा भाग म्हणून केलं असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तुमचा मालक, म्हणजे कंपनी. अप्रेंटिसशिपलाही हाच नियम आहे. नेमणूकपत्रात कॉपीराइटबद्दल चकार शब्द नसला तरी हेच लागू होतं. मुलं मला सांगतात, "मॅडम, लेटरमध्ये काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे माझंच ना?" नेमकं उलट आहे. काहीच लिहिलेलं नसेल तर ते कंपनीचं.

रिजेक्ट झालेले ऑप्शनही यातच आले. क्लायंटने तीनातला एक घेतला, उरलेले दोन अनाथ झाले असं आपल्याला वाटतं. पण तेही कामाच्या वेळेत, कामासाठीच केलेले असतात. एजन्सी ते फाइलमध्ये ठेवते आणि कधीकधी दोन वर्षांनी दुसऱ्या पिचमध्ये, म्हणजे दुसऱ्या क्लायंटपुढच्या सादरीकरणात, काढते. माझा एक न घेतलेला लेआउट अगदी वेगळ्या मालासाठी वापरलेला मी होर्डिंगवर पाहिला आहे. तो मी आधीच नेटवर टाकला असता तर एजन्सीला नव्या क्लायंटपुढे उत्तर देता आलं नसतं.

वर्तमानपत्र किंवा मासिकात नोकरीला असाल तर गोष्ट वेगळी आहे, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. तिथे नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा किंवा लिहिलेल्या लेखाचा हक्क मालकाकडे जातो तो फक्त वर्तमानपत्रात-मासिकात छापण्यापुरता. बाकी सगळ्या बाबतींत पहिला मालक काढणारा किंवा लिहिणाराच राहतो. अर्थात वेगळा करार नसेल तर. मी दोन वर्षं एका पुरवणीसाठी पगारावर चित्रं काढली. जायच्या दिवशी नेमणूकपत्र काढून पुन्हा वाचलं, त्यात हक्क सोडल्याचं काही नव्हतं. ती चित्रं आज मी कुणालाही न विचारता दाखवते. फक्त पानाचा स्कॅन लावत नाही, कारण पानावर दुसऱ्याचा लेख असतो, तिसऱ्याची मांडणी असते आणि वरती पेपरचं नाव असतं. माझं मूळ चित्र तेवढं लावते. हल्ली बऱ्याच पेपरांच्या करारात सर्व हक्क लिहून घेतात, तेव्हा आधी कागद काढा, मग हे वाक्य स्वतःला लागू करा.

फ्रीलान्स काम म्हणजे आपलंच, असं सगळे धरून चालतात. बरंचसं खरं आहे, पण फोटोग्राफरांनी इथे थांबावं. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देऊन करवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो कायद्याने लग्नघरचे. गेल्या वर्षी नाशिकचा एक मुलगा आला होता, अतिशय सुंदर कँडिड काढतो. हळदीतला एक फोटो होता: आजी नातीच्या गालाला हळद लावते आहे आणि आजीचंच लक्ष कॅमेऱ्याकडे गेलंय. त्याच्या इन्स्टावर तो पहिला पिन केलेला होता. मी विचारलं, "घरच्यांना विचारलंस?" तो म्हणाला, "ताई, त्यांनी लाइक केलंय की." लाइक म्हणजे परवानगी नव्हे. त्याने त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांना मेसेज केला. त्यांनी आनंदाने हो म्हटलं, फक्त आजी आता राहिल्या नाहीत, त्यांचं नाव घालू नका म्हणाले. आता तो बुकिंगच्या पावतीवरच एक ओळ छापतो: फोटोग्राफरला निवडक फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील, नको असल्यास इथे खूण करा. मालकी घरच्यांचीच राहते, पण दाखवायची लेखी परवानगी हातात असते. एवढी एक ओळ आणि खाली सही.

लोगो, पॅकेजिंग, पुस्तकाची मांडणी अशा फ्रीलान्स कामात हक्क क्लायंटकडे द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. फोनवर "सगळे राइट्स आमचे हं" म्हटल्याने ते जात नाहीत. लेखी दिलं पण मुदत घातली नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश घातला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. म्हणून जुने करार उघडून या दोन गोष्टी बघा. कोल्हापूरच्या एका चपलांच्या दुकानाचा लोगो मी केला, कागद काहीच झाला नाही, तेव्हा चित्र म्हणून त्याचा कॉपीराइट माझ्याकडे आहे. पण ते चिन्ह म्हणजे त्यांच्या दुकानाची ओळखही आहे. मी ते कामाचा नमुना म्हणून दाखवते, त्याचे टी-शर्ट किंवा कॉफीचे मग कधीच काढणार नाही.

परदेशी क्लायंटसाठी घरून काम करणाऱ्यांनी करारात कुठल्या देशाचा कायदा लागू असेल ते वाक्य शोधावं. वरचं सगळं भारताचं आहे.

फेअर युजचा आधार घेऊ नका

"फेअर युज आहे हो, पोर्टफोलिओला चालतं," हे वाक्य मी स्वतःही म्हटलेलं आहे. तो शब्द अमेरिकेच्या कायद्यातला. आपल्याकडे कलम ५२ मध्ये कुठल्या कारणासाठी वापर चालतो त्याची यादी दिलेली आहे. खासगी किंवा वैयक्तिक वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, आणि पुढे बरीच. पोर्टफोलिओ त्यात नाही. घरी एक प्रत जपून ठेवणं हा वैयक्तिक वापर म्हणता येईल. जगाला उघडी असलेली वेबसाइट खासगी नसते.

मात्र त्याच कलमात आपल्यासारख्यांसाठी एक छोटी जागा आहे. चित्रकार स्वतः हक्कदार नसला, तरी त्या कामासाठी त्याने केलेली कच्ची रेखाटनं, आराखडे, अभ्यासचित्रं, साचे तो वापरू शकतो, अट इतकीच की मूळ कामाची मुख्य रचना त्यातून पुन्हा उभी राहता कामा नये. दगडफुलाचा माझा एक अख्खा कागद आहे. चौदा अभ्यासचित्रं. बाजारातून पन्नास ग्रॅम आणून पांढऱ्या बशीत ठेवून काढलेली, काही चुकलेली, एकावर चहाचा डाग. मुलाखतीला मी हल्ली तोच कागद आधी काढते. पाउचपेक्षा त्यावर जास्त प्रश्न विचारले जातात: ही कड इथे जाड का केली, हे का सोडून दिलं. नुसता तयार पाउच बघून हे कुणी विचारत नाही. फक्त माल बाजारात येण्याआधी हा कागदही बाहेर काढायचा नाही. गुप्ततेचा करार रेखाटनालाही लागतो.

गुप्ततेचं कलम वेगळं वाचा

कॉपीराइट एक आणि एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, दुसरा. कधीकधी हक्क तुमचे असूनही तोंड उघडायला बंदी असते. बऱ्याच छोट्या स्टुडिओंना मोठ्या एजन्सी आतून काम देतात आणि बाहेर कुणाला सांगू नका म्हणतात. तिथे चित्र तर सोडाच, ब्रँडचं नाव घेणंही कराराचा भंग होऊ शकतो.

"अशी कलमं कोर्टात टिकत नाहीत," असं सांगणारे सिनियर भेटतील. ते १८७२ च्या कंत्राट कायद्याचं कलम २७ मनात धरून बोलत असतात. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही, अशी बंदी त्या कलमाखाली रद्द ठरते, हे खरं. पण क्लायंटची गुपितं सांभाळण्याचं वचन ही वेगळी गोष्ट आहे. ते नोकरी सुटल्यावरही पाळावं लागतं.

आणि एक कळकळीची विनंती. शेवटच्या दिवशी पेन ड्राइव्ह लावून ओपन फाइली, म्हणजे बदल करता येतात त्या मूळ फाइली, घरी नेऊ नका. संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतू दिसला तर तोच गुन्हा होतो. पोर्टफोलिओला ओपन फाइल लागतही नाही. छोट्या आकाराची जेपीजी पुरते, तीही मागून घ्यावी. ओपन फाइलीबरोबर एजन्सीच्या लायसन्सचे फाँट येतात, एका कॅम्पेनपुरते घेतलेले स्टॉक फोटो येतात, मॉडेलचे फोटो येतात ज्यांचे युसेज राइट्स (वापराचे हक्क) एक वर्षाचे असतात. नोटिशीत या सगळ्याची यादी होते. स्वतःच्या पोर्टफोलिओच्या मजकुराला मोकळा फाँट वापरा. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, देवनागरी उत्तम आहे, जोडाक्षरं तुटत नाहीत.

शोरील, म्हणजे स्वतःच्या कामाचे तुकडे जोडलेली फिल्म, करणाऱ्या एडिटर मंडळींनी संगीताचा वेगळा विचार करावा. जाहिरातीतलं गाणं त्या जाहिरातीसाठी, त्या मुदतीपुरतं घेतलेलं असतं. परवानगी देणाऱ्या क्लायंटकडेही ते तुम्हाला द्यायचा हक्क नसतो. ब्रँडच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर फिल्म असेल तर तिची लिंक द्या आणि खाली तुमचं काम लिहा. अपलोड करण्यापेक्षा हे पुष्कळ सुरक्षित.

विचारायचं कसं

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे नोकरी धरताना. नेमणूकपत्र हातात आलं की एचआरला एवढं वाक्य घालायला सांगा: प्रसिद्ध झालेलं माझं काम मला श्रेयासह माझ्या वैयक्तिक पोर्टफोलिओत दाखवता येईल. तेव्हा तुम्ही त्यांना हवे असता, सहज घालतात. ती संधी गेली असेल तर नोटीस पिरियडमध्ये विचारा. सोडून गेल्यावर सहा महिन्यांनी विचारलं तर मेल कुणाच्या टेबलावर जाईल ते सांगता येत नाही.

एजन्सीत केलेल्या कामाला आधी एजन्सीला विचारायचं. हक्क पुढे क्लायंटकडे गेले आहेत का ते त्यांच्या करारात असतं, आणि गेले असतील तर क्लायंटचा होकार लागतो. एजन्सीला वळसा घालून थेट ब्रँड मॅनेजरला फोन करू नका, जुनी माणसं दुखावतात.

होकार मेलवरच घ्या. माझा मेल साधारण असा असतो:

"नमस्कार. २०११ ते २०१३ या काळात मी आपल्या मसाला पाउचच्या कामावर होते. रेखाचित्रं आणि पुढच्या बाजूची मांडणी माझी होती. सोबत जोडलेल्या चार प्रतिमा मला माझ्या वैयक्तिक वेबसाइटवर आणि मुलाखतीच्या पीडीएफमध्ये कामाचा नमुना म्हणून दाखवायच्या आहेत. विक्री किंवा जाहिरातीसाठी वापर होणार नाही. सर्व हक्क आपले आहेत असा उल्लेख असेल. आपण कधीही सांगितलं तर दोन दिवसांत काढीन. यापैकी एखादी प्रतिमा चालणार नसेल तर तेवढी कळवावी."

नेमक्या प्रतिमा जोडणं फार महत्त्वाचं. "माझं काम दाखवू का" असं मोघम विचारलं की समोरचा माणूस घाबरून नाही म्हणतो. चार चित्रं डोळ्यांपुढे असली की त्याला ठरवता येतं. आणि शेवटची ओळ जरूर घाला, कारण अर्धा होकार हा नकारापेक्षा कितीतरी बरा. उत्तर नाहीच आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी. गप्प राहिले म्हणजे हो, असं धरू नये.

श्रेय लिहिताना

काम दाखवणं आणि काम केल्याचं सांगणं यांत फरक आहे. कलम ५७ मध्ये कर्त्याचे काही हक्क असे आहेत की कॉपीराइट विकला तरी ते त्याच्याकडे राहतात: हे काम मी केलं असं म्हणण्याचा, आणि कुणी त्याची मोडतोड करून आपल्या नावाला बट्टा लावला तर हरकत घेण्याचा. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य म्युरल १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्युरलचे अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि सरकारला पाच लाखांची भरपाई द्यायला लावली. आपण पाउच काढणारी माणसं, पण ते कलम आपल्यालाही आहे. म्हणून चित्र दाखवायची परवानगी मिळाली नाही, तरी गुप्ततेचा करार आड येत नसेल तर बायोडाटात "अमुक ब्रँडच्या पॅकेजिंगची रेखाचित्रं केली" हे लिहायला कचरू नका.

पण जेवढं केलं तेवढंच लिहा. आमच्या पाउचवर पाच जणांचे हात होते. माझ्या पानावर आज असं लिहिलंय: "मसाला पाउच, २०१३. एजन्सीत असताना. माझं काम: शाईची रेखाचित्रं, पुढच्या बाजूची मांडणी. कॉपी (मजकूर), ब्रँडचं अक्षरलेखन आणि कीलाइन इतर सहकाऱ्यांची. सर्व हक्क ब्रँडचे, परवानगीने." मुलाखत घेणाऱ्याने माझ्या जुन्या सरांना फोन केला तर ते यातल्या प्रत्येक शब्दाला हो म्हणतील. मी ही कसोटी लावते. ज्या सहकाऱ्याने कीलाइन, म्हणजे पाउच कुठे कापायचा-दुमडायचा त्या रेषा, केली होती, तिने ते पान बघून मला फोन केला होता. तिचं काम कुणी लिहिलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

नकार आला तर पासवर्डचं पान करू का, असं मुलं विचारतात. नकार तो नकार. पासवर्डमागे ठेवलं तरी त्यांच्या परवानगीशिवायच ठेवलं. पासवर्ड उपयोगी पडतो तो "सगळ्यांना नको, मुलाखतीत दाखवा" असा होकार आला असेल तेव्हा. पूर्ण नकार असेल तर त्या कामाची गोष्ट लिहा: अडचण काय होती, तुम्ही काय सुचवलं, किती फेऱ्या झाल्या. नाव आणि चित्र गाळून. आणि त्याच धाटणीचं एखादं काम स्वतःसाठी करा, कुणा खऱ्या ब्रँडचा लोगो न वापरता. माझ्या ओळखीत एका मुलीने आईच्या लोणच्यांसाठी सहा बरण्यांची लेबलं केली आणि त्यावर तिला नोकरी लागली.

माझ्या चार पाउचचं सांगायचं राहिलं. २०१६ मध्ये, बाजारात येऊन ते दीड वर्ष झाल्यावर, मी सरांमार्फत वरचा मेल पाठवला. अकराव्या दिवशी ब्रँडकडून दोन ओळींचं उत्तर आलं: पुढची बाजू दाखवायला हरकत नाही, मागची नको, तिच्यावर जुना पत्ता आणि जुनी किंमत आहे. त्या मेलची पीडीएफ मी चित्रांच्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे. माझ्या पोर्टफोलिओत ते चारही पाउच आजही फक्त समोरून दिसतात.